जुनी पेटी विकत घेताना: ‘जर्मन सूर’, ‘अँटिक’ आणि खरी किंमत कशी ओळखायची?

फेसबुकच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर किंवा व्हॉट्सअॅपवर अशी जाहिरात तुम्ही नक्की पाहिली असेल: ‘आजोबांच्या काळातील हार्मोनियम, ओरिजिनल जर्मन सूर, सागवानी, अँटिक पीस, किंमत फक्त ४५ हजार.’ सोबत तीन-चार फोटो. पॉलिश चकाकतंय, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या स्वच्छ दिसतायत. गावातलं भजनी मंडळ वर्गणी काढून पेटी घ्यायच्या विचारात असतं, किंवा मुलीला गाणं शिकवायचं म्हणून एखादं घर पैसे बाजूला टाकत असतं. त्यांना ही जाहिरात संधी वाटते.

ती संधी असूही शकते. जुन्या पेट्यांत खरोखर उत्तम पेट्या आहेत. पण फोटोत पेटीचा आवाज दिसत नाही आणि तिचा दमही दिसत नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावराचे दात पाहिल्याशिवाय, त्याला चालवून बघितल्याशिवाय कोणी सौदा करत नाही. पेटीचंही तसंच आहे. तिचे ‘दात’ कुठे असतात आणि ते कसे तपासायचे, हे या लेखात समजून घेऊया.

पेटीच्या पोटात काय असतं?

पेटी वाजते ती हवेवर. मागचा भाता हलवला की हवा आत ओढली जाते आणि पेटीच्या तळाशी असलेल्या आतल्या भात्यात साठते. आपण पट्टी दाबतो तेव्हा तिच्याखालची झडप उघडते. हवा बाहेर पडताना एका पितळी जिभेला थरथरवते आणि स्वर निघतो. या जिभेलाच पेटीवाले ‘सूर’ किंवा रीड म्हणतात. हे सगळे सूर एका लाकडी पाटीवर ओळीने बसवलेले असतात.

सुरांच्या ओळी किती, यावर पेटीचा प्रकार ठरतो. दोन ओळी असतील तर बहुधा खर्ज आणि नर. तीन असतील तर खर्ज, नर आणि मादी. समोरचे खटके, म्हणजे स्टॉप, ओढले की कोणत्या ओळीला हवा मिळायची ते ठरतं. साडेतीन सप्तकांच्या पेटीत साधारण ४२ पट्ट्या असतात. ३९ आणि ३७ पट्ट्यांच्या पेट्याही मिळतात.

म्हणजे पेटीची किंमत मुख्यतः चार गोष्टींत आहे: भाता, सुरांची पाटी, सूर आणि पट्ट्या. पॉलिश, पितळी कोपरे, नक्षीची जाळी या गोष्टी देखण्या असतात, पण स्वर त्यांतून येत नाही. जाहिरातीतल्या फोटोंत मात्र बहुतेक वेळा याच दिसतात.

‘जर्मन सूर’ ही काय भानगड आहे?

हार्मोनियम मुळात युरोपातलं वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. तिकडची पेटी पायाने भाता मारायची आणि खुर्चीवर बसून वाजवायची. मराठी संगीत नाटकांत वाजायची ती पायपेटी याच घराण्यातली. आपल्याकडे मैफल, भजन, कीर्तन सगळं बैठकीवर चालतं, म्हणून हाताने भाता मारायची पेटी तयार झाली. ती घडवण्याचं श्रेय सहसा कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं.

लाकूडकाम इथे होऊ लागलं, तरी सुरुवातीच्या अनेक दशकांत सूर मात्र परदेशातून यायचे. पॅरिसचं ‘कॅस्रिएल’ आणि जर्मनीचं ‘ज्युबिलेट’ ही नावं जुन्या वादकांना आजही पाठ असतात. पुढे ही आयात आटली आणि गुजरातेत भावनगरजवळच्या पालिताण्यात सूर बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. आजच्या पेट्यांत मोठ्या प्रमाणावर दिसतात ते हे पालिताण्याचे सूर. त्यांच्यातही साधे आणि उत्तम अशा प्रती असतात.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, अस्सल जुने जर्मन किंवा पॅरिसचे सूर मर्यादित आहेत. नवे येत नाहीत. त्यामुळे जाहिरातींत जितक्या ‘जर्मन सुरांच्या’ पेट्या दिसतात, तितक्या खऱ्या असणं कठीण आहे.

दुसरी, नाव पेटीवर असलं म्हणजे सूर त्याच नावाचे असतात असं नाही. सूर पाटीवरून काढून दुसऱ्या पेटीत बसवता येतात. जुनी पेटी आणून तिचे चांगले सूर काढून घेणं आणि रिकाम्या जागी साधे सूर बसवून तीच पेटी ‘अँटिक’ म्हणून विकणं शक्य असतं.

तिसरी, सूर खरोखर जर्मन असले तरी ते पन्नास-साठ वर्षांत अनेकदा घासले गेलेले असतात. सूर जुळवताना कारागीर जिभेचं टोक किंचित घासून स्वर चढवतो आणि मुळाकडे घासून उतरवतो. दर वेळी थोडं पितळ कमी होतं. फार घासलेला सूर पातळ आणि कमजोर होतो, कधी त्याला बारीक चीर जाते. असा नामवंत सूर साध्या पण धडधाकट सुरापेक्षा वाईट वाजतो.

म्हणून ‘सूर कुठले?’ याआधी ‘सूर कसे आहेत?’ हा प्रश्न विचारावा.

पंधरा मिनिटांची तपासणी

पेटी प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर खालच्या क्रमाने जा. त्यासाठी वादक असण्याची गरज नाही. कान, हात आणि मोबाइल पुरेसा आहे.

१. भात्याचा दम. सगळे खटके बंद करा आणि भाता मारा. आतला भाता भरला की हाताला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. भाता सहज, पोकळ हलत राहिला तर हवा कुठून तरी निसटते आहे. मग एक खटका उघडा, भाता पूर्ण भरा, मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबून धरा आणि भाता मारणं थांबवा. सावकाश दहापर्यंत आकडे मोजून व्हायच्या आत स्वर बसला, तर भात्याचं काम निघणार हे धरून चाला. शक्य असेल तर एखाद्या दुकानातल्या नव्या पेटीवर हाच प्रयोग आधी करून बघा. फरक लगेच समजतो.

२. न दाबता वाजणारा स्वर. खटके उघडून भाता मारा, पण एकही पट्टी दाबू नका. तरीही एखादा स्वर गुणगुणत असेल तर झडप नीट बसत नाही. कारण किरकोळ असू शकतं: कचरा, सैल स्प्रिंग, झडपेचं झिजलेलं चामडं. पण असे स्वर चार-पाच असतील तर झडपांचं सगळं चामडंच बदलावं लागू शकतं.

३. एकेक पट्टी, एकेक ओळ. एका वेळी एकच ओळ उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी वाजवा. मग दुसरी ओळ. सगळे खटके एकदम उघडून वाजवलं तर एका ओळीतला मुका सूर दुसऱ्या ओळीच्या आवाजात लपतो, आणि दाखवणारे बहुतेक वेळा तसंच वाजवून दाखवतात. कोणता स्वर उशिरा बोलतो, कोणता खरखरतो, कोणता अजिबात निघत नाही, ते कागदावर लिहीत जा. पट्टी सोडल्यावर लगेच वर येते का, शेजारच्या पट्टीला घासते का, खालीवर होताना खडखडते का, हेही पाहा.

४. सुरांची जुळणी. मोबाइलवर ट्यूनरचं कुठलंही फुकट अॅप घ्या. पांढरी एक ते पुढची पांढरी एक असे सगळे स्वर त्यावर तपासा. जुन्या पेट्या आजच्या प्रमाण पट्टीपेक्षा, म्हणजे ४४० हर्ट्झपेक्षा, थोड्या वर किंवा खाली लावलेल्या असू शकतात. सगळे स्वर सारख्याच प्रमाणात सरकलेले असतील तर ती पेटी निरुपयोगी नाही, पण तबला आणि दुसरी पेटी सोबत असताना अडचण होईल. काही स्वर वर आणि काही खाली असतील तर पूर्ण जुळणी करावी लागेल. कानाने तपासायचं असेल तर एकच स्वर दोन ओळी उघडून धरा. आवाजात ‘वाँव-वाँव’ अशा लहरी आल्या तर त्या दोन ओळी एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

५. झाकण उघडून आत. विकणारा जाळी आणि वरची फळी काढायला तयार नसेल तर सौदा तिथेच थांबवा. आत टॉर्च मारा. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं चामडं, वाळवीची माती, ओल लागल्याचे डाग दिसतात का? सुरांच्या ओळीत काही सूर वेगळ्या रंगाचे, वेगळ्या घडणीचे आहेत का? ते बदललेले आहेत. एक-दोन बदललेले असणं साहजिक आहे. अर्धी ओळ बदललेली असेल तर ‘ओरिजिनल’ हा शब्द विसरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरांच्या पाटीला तडा आहे का ते पाहा. पाटीच्या तड्यातून निसटणारी हवा नुसता डिंक भरून क्वचितच कायमची थांबते.

६. स्केल चेंजर आणि कपलर. स्केल चेंजरची पेटी असेल तर पट्ट्या सरकवून प्रत्येक जागी वाजवून बघा, फक्त पहिल्या जागी नको. या यंत्रणेत हलणारे भाग जास्त असतात, म्हणून झीजही जास्त होते. कपलर लावल्यावर एक पट्टी दाबली की सप्तकातली जोडीची पट्टीही पूर्ण खाली गेली पाहिजे.

मराठवाड्याच्या हवेत आणखी काय पाहायचं?

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठाक होते. लगेच मागून पावसाळ्याची दमट हवा येते. लाकूड आकसतं, मग फुगतं. चामडं वाळतं, कडक होतं. पत्र्याच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात वर्षानुवर्षं ठेवलेल्या पेटीत जोड सुटतात, पट्ट्या अडकतात. म्हणून पेटी कुठे ठेवलेली होती, हे विचाराच. ‘दहा वर्षं कपाटात, कोणी हातच लावला नाही’ हे विकणारा कौतुकाने सांगतो, पण पेटीसाठी ते चांगलं नाही. रोज वाजणारी पेटी बंद पेटीपेक्षा सहसा चांगली राहते, कारण बिघाड वेळच्या वेळी लक्षात येतो आणि दुरुस्त होतो.

पावसाळ्यात पेटी पाहत असाल तर एखादी पट्टी अडकली म्हणून लगेच नापसंत करू नका. लाकूड फुगल्यामुळेही तसं होतं. उलट भर उन्हाळ्यात भात्याची गळती थोडी जास्त जाणवू शकते. पाटीचा तडा आणि चिरलेला सूर मात्र कोणत्याही ऋतूत तसाच राहतो.

काय स्वस्तात सुटतं, काय महागात पडतं?

किरकोळ कामं: सुरात अडकलेला कचरा काढणं, एखादी स्प्रिंग बदलणं, एक-दोन सूर बदलणं, सैल पट्टी बसवणं, पितळी खटक्यांची दुरुस्ती.

मध्यम कामं: सगळ्या पेटीची जुळणी, झडपांचं चामडं बदलणं, बाहेरच्या भात्याची दुरुस्ती.

मोठी कामं: आतला भाता नव्याने करणं, तडकलेली सुरांची पाटी बदलणं, सुरांची पूर्ण ओळ बदलणं, वाळवी लागलेला सांगाडा. यांतली दोन कामं एकाच पेटीत निघाली तर ती पेटी फुकट मिळाली तरच परवडते, किंवा मायेपोटी ठेवायची असेल तर.

दुरुस्तीचा अंदाज विकणाऱ्याकडून घेऊ नका. उमरीसारख्या गावातून रेल्वेने नांदेड गाठता येतं. तिथे भजन-कीर्तनाची परंपरा आहे, आणि गुरुद्वाऱ्यातल्या शबद-कीर्तनामुळे पेटीचा रोजचा वापरही आहे. शहरातल्या वाद्यांच्या दुकानात किंवा एखाद्या संगीत शिक्षकाकडे चौकशी केली की दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा पत्ता लागतो. तुमच्या कागदावरची नोंद त्याला वाचून दाखवा. ‘खर्जाच्या ओळीत तीन सूर मुके, भाता दहापर्यंत टिकत नाही’ असं सांगितलंत तर तो फोनवरही ढोबळ आकडा सांगू शकतो. ‘पेटी जरा खराब आहे’ एवढ्यावर कोणीच सांगू शकणार नाही.

किंमत कशी काढायची?

साधा हिशेब असा: तशाच प्रकारची, चांगल्या चालू स्थितीतली वापरलेली पेटी कितीला मिळते, तो आकडा आधी धरा. त्यातून दुरुस्तीचा खर्च, वाहतूक आणि आत न दिसलेल्या बिघाडासाठी थोडी रक्कम वजा करा. उरेल ती तुमची कमाल किंमत.

समजा, चालू स्थितीतली तशी पेटी २० हजारांना मिळते. दुरुस्तीचा अंदाज ६ हजार, आणायचा खर्च १ हजार, जोखमीचे २ हजार. मग तुमची मर्यादा ११ हजार. विकणारा ‘अँटिक आहे’ म्हणून २५ हजारांवर अडून बसला, तर तेवढ्या पैशांत नवी, हमीसह मिळणारी पेटी काय दर्जाची येते ते आधी बघा.

वय हे स्वतःहून किंमत वाढवत नाही. नामवंत कारागिराची, मूळ सूर शाबूत असलेली आणि आजही स्वरात वाजणारी पेटी दुर्मीळ असते आणि तिला जाणकार वादक जास्त पैसे देतात. या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. नुसती जुनी म्हणून कोणी वादक जास्त मोजत नाही.

हा नियम जगभर चालतो. इटलीत, विशेषतः नेपल्सला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाकडी पट्ट्या जोडून केलेल्या गोल पाठीच्या मँडोलिन मोठ्या संख्येने बनल्या. आज त्या ऑनलाइन ढिगाने विकायला असतात. शिंपल्याची नक्षी आणि आतलं इटालियन लेबल पाहून लोक भुलतात. पण आठ पोलादी तारांच्या ताणाने मान वाकलेली असेल, तारा पट्टीपासून उंच उचलल्या गेल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च अनेकदा मँडोलिनच्या किमतीहून जास्त होतो. विनाच्चा, कलाचे, एम्बर्गर अशा घराण्यांच्या चांगल्या वाद्यांना मान आहेच, पण तिथेही आधी मान सरळ आहे का हे पाहतात आणि मग लेबल वाचतात.

ऑनलाइन सौदा करत असाल तर

पेटी लांबच्या गावी असेल आणि जाऊन बघणं शक्य नसेल, तर विकणाऱ्याकडून चार गोष्टी मागा: एकेक ओळ उघडून सगळ्या पट्ट्या वाजवलेला, मध्ये न तोडलेला व्हिडिओ, भाता भरून एक स्वर धरलेला व्हिडिओ, जाळी काढून आतले फोटो, आणि पेटीच्या मागच्या व खालच्या बाजूचे फोटो. खरा विकणारा हे देतो. ‘दोन जण पैसे घेऊन उभे आहेत, आत्ताच अॅडव्हान्स टाका’ असं म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका.

तुम्ही पेटी विकत असाल तर फसवणूक उलट दिशेने येते. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असा निरोप आला तर थांबा. क्यूआर स्कॅन करणं आणि यूपीआयचा पिन टाकणं हे पैसे देण्यासाठी असतं. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

घरातली जुनी पेटी भंगारात देण्याआधीही एकदा कारागिराला दाखवा. आतले सूर चांगले असतील तर भंगाराच्या वजनापेक्षा त्यांची किंमत कितीतरी जास्त असते.

कुणासाठी कोणती पेटी?

भजनी मंडळाला लागतो मोठा आवाज, मजबूत भाता आणि रोजच्या हाताळणीला टिकणारी पेटी. अनेक जण वाजवणार असतील तर नाजूक स्केल चेंजर नसलेली साधी पेटी जास्त दिवस चालते. गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी आवाज कमी असला तरी चालेल, पण स्वर अचूक हवेत. बेसूर पेटीवर रोज सराव झाला तर कान तसाच घडतो, आणि ती सवय नंतर मोडणं अवघड जातं. शिकणाऱ्यासाठी म्हणूनच जुळणीचा खर्च टाळू नये.

सार्वजनिक वर्गणीतून पेटी घेत असाल तर तपासणीची नोंद, कारागिराचा अंदाज आणि ठरलेली किंमत मंडळाच्या वहीत लिहून ठेवा. उद्या कोणी ‘एवढे पैसे कशाला दिले?’ असं विचारलं, तर वही पुढे करता येते.